तुमच्या घराण्याची गोष्ट, तुमच्या पोरांसाठी: पुस्तक कसं बनतं आणि तुमच्याकडून काय लागतं

नमस्कार मंडळी, पुस्तक करून घ्यायचंय असं कळवलंत त्याबद्दल आधी थँक्यू. पुढचं काम कसं चालतं ते इथे लिहिलंय, जरा निवांत वाचा, कारण बरेच जण नुसती वंशावळ पाठवून मोकळे होतात आणि मग गाडी तिथेच अडते.

आम्ही करतो ती गोष्ट साधारण अशी, की परदेशात वाढलेलं सात ते अकरा वर्षांचं मूल आपल्या घराण्याच्या गावाला पहिल्यांदा येतं. मुलं, संवाद, गंमतीजमती काल्पनिक, पण गाव, प्रवास आणि कागद खरे. चित्रांसकट ३२ पानं. ३२च का, तर छपाई सोळा पानांच्या फॉर्मने होते, ३५ करायला गेलो की उरलेल्या कोऱ्या पानांचा भुर्दंड तुम्हालाच.

वंशावळीबद्दल स्पष्टच सांगतो, ती मोठ्यांना आवडते. अमुकचा मुलगा तमुक, त्यांना इनाम मिळालं, ते मामलेदार होते, यात पोराला करण्यासारखं काही नसतं. आम्हाला हवी अशी वस्तू नाहीतर असा कागद, ज्याच्या मागे पोरगं धावेल.

मॉरिशसच्या घरांकडे असा कागद बऱ्याचदा सापडतो. तिकडे १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर जायला लागले, त्यातली मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली, बरीचशी कोकणातली, आणि बहुतेक उसाच्या मळ्यांवर कामाला. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरायचे त्याच्या दगडी पायऱ्या आजही आहेत, अप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या वेळची रजिस्टरं जपून ठेवलीयत. त्यात माणसाचा नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जहाज, आणि अंगावरची खूणसुद्धा! आता गालावर व्रण असलेला खापरपणजोबा म्हटलं की कुठलंही पोर कान टवकारतं, इनामदार म्हटल्यावर टवकारत नाही. तर या नोंदीचा उतारा असेल तर तो सगळ्यात आधी पाठवा. तिकडे पुष्कळ घरांत पूर्वजाचं नावच आडनाव होऊन बसलंय, मूळ आडनाव गेलं, त्यामुळे गाव शोधायला हाच एक धागा उरतो.

पण उतारा हातात आला म्हणजे गाव सापडलं असं नाही हां. साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, रत्नागिरीचं रत्नाघेरी वगैरे, आणि गावांची नावं तर त्याहून भयंकर. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे कागदावर रत्नागिरी असलं तरी गाव आज मालवण किंवा कणकवलीकडचं निघू शकतं, आणि सावंतवाडी तर तेव्हा वेगळं संस्थानच होतं. आमच्या गोष्टीत ही शोधाशोध पोरंच करतात, चुकीच्या गावात उतरतात, एसटी चुकते, कुणीतरी काकू घावणे खायला घालते आणि शेजारच्या वाडीचा पत्ता देते.

भेटीचा प्रसंग आम्ही कसा लिहितो तेही सांगतो. मॉरिशसच्या पोराच्या तोंडात क्रिओल, शाळेत फ्रेंच-इंग्रजी, मराठी शिकलं असेल तर शाळेच्या तासाला तेवढंच, मग कोकणातलं भराभरा बोलणं त्याला कुठून कळणार? पण गणपतीत तिकडे झाकरी नाचतात. ही आपली जाखडीच, मधे ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती गोल, पायात चाळ. गावात संध्याकाळी जाखडी सुरू होते आणि ज्याला दिवसभर कुणाचं अक्षर कळलेलं नाही त्या पोराचा पाय बरोब्बर तालावर पडतो, गावातली पोरं बघतच राहतात. आमच्या मते हा प्रसंग दहा पानांच्या भाषणापेक्षा भारी.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांचं काम उलट सोपं आहे, गाव आडनावातच आहे ना. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. आजी-आजोबा १९४८ नंतर इस्रायलला गेले, नातवंडं अश्दोद नाहीतर दिमोनाला वाढली, आणि अलिबागच्या इस्रायल आळीत येऊन उभी राहतात. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची आख्यायिका, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, हे सगळं तयारच आहे. मलिदा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी मांडतात ते नैवेद्याचं ताट, मात्र तुमच्या घरी कसा करतात ते नीट कळवा, पोहे-गूळ-खोबरं सगळीकडे असतं पण फळं कुठली आणि ताट कसं मांडतात ते चित्रकाराला लागतं.

काही गोष्टी आम्ही करत नाही. पोराने गावची माती कपाळाला लावली आणि डोळे भरून आले, असला शेवट मागू नका, नऊ वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी डास चावतात, नेट मिळत नाही आणि पहाटे तीनला टक्क जाग येते, आम्ही तेच लिहितो. दुसरं म्हणजे सातबारा. उतारा पाठवलात तरी गट नंबर आम्ही छापणार नाही. परदेशातून कुणी गावी आलं की भाऊबंदांच्या मनात पहिला प्रश्न "हिस्सा मागायला आलेत की काय?" हा असतोच, गोष्टीत त्याची गंमत करू, प्रत्यक्षात भानगड नको.

भाषा मराठी-इंग्रजी किंवा मराठी-हिब्रू. हिब्रू उजवीकडून डावीकडे, त्यामुळे ते पुस्तक दोन्ही बाजूंनी उघडतं, मराठी एका कव्हरापासून, हिब्रू दुसऱ्या, आणि मधल्या चित्रावर दोन्ही गोष्टी भेटतात. बांधणीवाला वैतागतो पण होतं छान.

तर पाठवायचं असं: नोंदीचे उतारे, जुने फोटो (मागचं लिखाणसुद्धा स्कॅन करा), आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून. प्रश्न विचारत बसू नका, नुसतं जेवणाबद्दल बोलतं करा, बाकी आपोआप येतं. पहिला खर्डा आला की आधी पोराला वाचू द्या, काकालोकांच्या दुरुस्त्या नंतर.