केप मे : ‘ऐतिहासिक’ दर्जाचा घोळ

न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावरच्या केप मेची कायम वस्ती तीन हजारांच्या आत, आणि जुन्या इमारती सुमारे सहाशे. व्हेलची शिकार, मग फिलाडेल्फियाकरांचे हवापालटाचे ठिकाण, हा पूर्वेतिहास सर्वश्रुत आहे. आज दिसणारे गाव घडले ते ९ नोव्हेंबर १८७८ च्या आगीनंतर. त्या आगीत मधला सुमारे ३५ एकर भाग जळाला. अटलांटिक सिटी या प्रतिस्पर्धी किनारी गावाला रेल्वे १८५४ मध्येच पोहोचली होती, केप मेला ती १८६३ मध्ये आली. मोठा पैसा तोवर अटलांटिक सिटीकडे वळला होता. साहजिकच जळालेल्या अवाढव्य हॉटेलांच्या जागी बहुतेक ठिकाणी बेताची घरे उभी राहिली. काँग्रेस हॉल हे हॉटेल १८७९ मध्ये विटांचे झाले, बाकी पुन्हा लाकूडच. बांधणीही तेव्हाच थोडी जुनाट वाटावी अशी. या सगळ्याला सरसकट ‘व्हिक्टोरियन’ म्हणणे सोयीचे असले तरी ढोबळ आहे.

मार्च १९६२ च्या वादळाने किनारा उद्ध्वस्त केला. पुनर्विकासासाठी केंद्राचा निधी आला आणि जुने पाडावे की राखावे, हा वाद पेटला. १९७० मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागले. १९७६ मध्ये अख्खे गावच ‘राष्ट्रीय ऐतिहासिक लँडमार्क’ ठरले. आता स्वतःच्या घराला खिळाही ठोकता येणार नाही, अशी धास्ती अनेक मालकांनी घेतली होती. ती अनाठायी होती.

कारण हा दर्जा मालकाचे हात बांधत नाही. केंद्राचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कामाचा आधी आढावा घ्यावा लागतो, इतकेच. मालकाने स्वतःच्या पैशाने घर पाडले तर नोंदवही बघत बसते. १९०८ चे विटांचे प्रचंड हॉटेल, पुढचे ‘ख्रिश्चन ॲडमिरल’, लँडमार्क गावात असूनही १९९६ मध्ये जमीनदोस्त झालेच. पाडकाम अडवण्याचा खरा अधिकार येतो तो स्थानिक नियमांतून. राष्ट्रीय नोंदीचा आणि स्थानिक नियमांचा, हे दोन दर्जे आजही सर्रास एकच समजले जातात.

नोंदीचा खरा फायदा करात होता. १९७६ पासून सवलती सुरू झाल्या. १९८१ मध्ये मान्यताप्राप्त जीर्णोद्धाराच्या खर्चावर २५ टक्के करवजावट (थेट करातून वजा होणारी रक्कम) मिळू लागली, १९८६ मध्ये ती २० टक्क्यांवर आली. अट अशी की इमारत उत्पन्न देणारी हवी. राहते घर बाद. मोठे घर राखायचे तर त्यात पाहुणे ठेवणे परवडू लागले; न्याहारीसह खोली देणाऱ्या घरांची चलती झाली, त्यात या अटीचा वाटा आहे.

या वजावटीचा अर्ज तीन भागांत असतो: इमारतीचे महत्त्व, नियोजित काम, पूर्ण झालेले काम. साधारणपणे २४ महिन्यांत केलेला खर्च इमारतीची हिशेबी किंमत (जमीन वगळून, खरेदी किंमत अधिक सुधारणा वजा घसारा) आणि ५,००० डॉलर, यांतल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त लागतो. प्रकरण फसते ते बहुधा दुसऱ्या भागात. मंजुरीआधीच खिडक्या बदललेल्या असतात, किंवा लाकडी फळ्यांवर व्हिनाइलचे (प्लास्टिकचे) आवरण चढवलेले असते. व्हिनाइलखाली ओल कोंडते, शिवाय चौकटीची नक्षी झाकली जाते. आतले जिने आणि भिंतीही तपासल्या जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. काम संपल्यापासून पाच वर्षांत इमारत विकली तर वजावट पूर्ण किंवा अंशतः परत करावी लागते. पहिल्या वर्षात पूर्ण, पुढे दरवर्षी २० टक्के कमी.

आणि ज्यासाठी एवढी कागदपत्रे, तो व्हरांडा. खारी हवा रंगाला टिकू देत नाही हे खरे, पण लाकूड सडते ते कापलेल्या टोकातून. व्हरांड्याच्या फळीचे बाहेरचे टोक, खांबाचा तळ आणि कठड्याच्या दांड्या खालच्या पट्टीत बसतात ती जागा, पाणी इथूनच शिरते. व्हरांड्याच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. नवी फळी बसवण्याआधी टोकांना प्रायमर पाजावा लागतो; बसवल्यावर ब्रश तिथे पोहोचत नाही. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की सांधा छान दिसतो, आत शिरलेल्या पाण्याला मात्र बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि दोन-तीन हिवाळ्यांत बोट दाबले तर लाकडात रुतते.