दुपारी तीनचं पपनस

गणपतीच्या तोंडावर जांभळीनाक्याच्या बाजारात पपनसांचे ढीग लागले की आमच्या शेजारच्या काकांचा जीव तुटतो. दीड वर्षापूर्वी काकूंनी त्यांना आपली किडनी दिली. डायलिसिस चालू असताना घोटघोट मोजून पाणी प्यायलेल्या या माणसाला ऑपरेशननंतर "भरपूर पाणी प्या" असं सांगितलं गेलं. पहिला आख्खा तांब्या रिकामा करताना त्यांचे डोळे वाहत होते. पोटॅशियमचे रिपोर्ट सुधारले तसे केळी, टोमॅटो, शहाळं पानात परत आले. पपनस मात्र बंदच राहिलं. यंदा त्यांनी मला गाठलं. "गोळी सकाळी नऊला नि रात्री नऊला. पपनस दुपारी तीनला खाल्लं, तर दोघांची गाठ पडतेच कुठे?"

प्रश्न चोख आहे, आणि बरेच जण असंच समजतात.

ती गोळी टॅक्रोलिमसची. नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडणाऱ्या प्रतिकारशक्तीला ती आवरते. पण गिळलेल्या औषधातलं सरासरी पाव हिस्साच रक्तात पोचतं. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते औषधाच्या रेणूला ऑक्सिजन जोडून त्याला वाटेतच निकामी करतं. यातून सुटलेल्याचा समाचार यकृत घेतं. डॉक्टर ही गळती धरूनच डोस ठरवतात.

पपनसात, आणि त्याच्याच वंशातल्या ग्रेपफ्रूटमध्ये, फ्युरानोकुमारिन गटातली रसायनं असतात. विकर त्यांनाही नेहमीच्या सवयीने ऑक्सिजन जोडायला जातं. पण त्यातून तयार होणारा रेणू इतका तापट असतो की तो विकरालाच चिकटतो, फणसाच्या चिकासारखा, आणि या चिकाला खोबरेल नाही. साध्या अवरोधात अडवणाऱ्या रेणूचं प्रमाण घटलं की विकर मोकळं होतं. इथे ते कायमचं बाद होतं आणि पेशीला जनुकावरून नवं घडवावं लागतं. त्याला एक ते तीन दिवस जातात. तेवढ्यात रात्री नऊची गोळी येते, दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही येतात, आणि त्यांना अडवायला नाक्यावर पुरेसं कोणी नसतं. पपनस आणि गोळीची गाठ पडावीच लागत नाही.

हे कळलं तेही अपघातानेच. कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा परिणाम तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तर रक्तातलं औषध अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. हे १९८९ साली प्रसिद्ध झालं. २००३ मध्ये जपानी डॉक्टरांनी किडनी बदललेल्या एका रुग्णाची टॅक्रोलिमसची पातळी पपनसामुळे वाढल्याचं नोंदवलं. ती वाढली की हात थरथरतात, साखर आणि पोटॅशियम चढतं, आणि जिच्यासाठी औषध घ्यायचं त्या किडनीच्याच रक्तवाहिन्या आकसतात.

"नैसर्गिक आहे, अपाय कसला?" म्हणून गुळवेलीचा काढा आणून देणाऱ्या नातेवाइकांना मला हात जोडून सांगायचंय, ज्याची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम दाबून ठेवली आहे त्याला ती वाढवणारं काही पाजू नका. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ साली मांडलं आहे.

बाकीची पथ्यं जंतूंची आणि मिठाची. गाडीवरचा उसाचा रस, पाणीपुरी, मोड आलेली कच्ची मटकी नको, पापड-लोणचं बेताने. स्टेरॉइडने भूक खवळते, म्हणून भाताकडे लक्ष. वरणभातावर पिळायचं लिंबू काकांच्या डॉक्टरांनी चालू ठेवलंय.

गणपतीत काकांनी पपनस आणलंच. देवापुढे ठेवलं, आरतीनंतर स्वतः सोललं, पांढरी साल अगदी निगुतीने काढून फोडी पोरांच्या हातावर ठेवल्या. मग उठून साबणाने हात धुतले.