बॅग घ्यावी अंगठ्याने दाबून

दादरच्या पुलावरून उतरताना माझ्या ट्रॉली बॅगेचं चाक गेलं. तुटलं असतं तर एक वेळ समजलं असतं, पण ते चक्क विरघळल्यासारखं गेलं. पायऱ्यांशी थांबून पाहिलं तर चाकाच्या बाहेरची काळी धाव शिळ्या चकलीसारखी भुगा होऊन सांडत होती. बॅग सहा वर्षांची, पण वापरली असेल जेमतेम सहा वेळा. बाकीचा सगळा काळ ती माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी जपून ठेवलेली.

स्टेशनाबाहेर चेन-चाकं दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी बॅग उलटी केली आणि न विचारता निदान केलं, "माळ्यावर होती ना?"

"म्हणजे वापरली असती तर टिकली असती?"

"गेलीच असती. पण निदान वापरली तरी असती!"

काकांच्या त्या हसण्यामागे रसायनशास्त्र आहे. अशा चाकांच्या धावेला बरेचदा पॉलीयुरेथेन वापरतात. मऊ, कमी आवाज करणारं, फरशीवर ओरखडे न पाडणारं. याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. स्वस्त जातीच्या पॉलीयुरेथेनमध्ये या साखळ्यांत एस्टर नावाचे जोड असतात, आणि एस्टरचा शत्रू म्हणजे पाणी. हवेतल्या बाष्पाचे रेणू आत मुरतात आणि एकेक जोड तोडत जातात. जोड तुटताना आम्ल तयार होतं, ते आम्ल पुढच्या तोडफोडीला आणखी वेग देतं. वरून काहीच दिसत नाही. चार पावसाळे आतल्या आत हे चालू राहतं आणि पाचव्या वर्षी, ऐन गाडीच्या वेळी, चाकाचा भुगा होतो. कपाटात नुसते ठेवलेले बूट पहिल्याच दिवशी तळ सोडतात तो प्रकार हाच. बॅगेच्या हँडलची मऊ मूठ काही वर्षांनी चिकट होते, तिच्यातही बहुतेकदा हीच भानगड असते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत हे लवकर घडतं, सोलापूर-नागपूरच्या कोरड्या हवेत उशिरा. पॉलीयुरेथेनची दुसरी जात ईथर जोडांची. ती पाण्याला सहजासहजी दाद देत नाही, पण महाग असते आणि दुकानात डोळ्यांनी ओळखू येत नाही.

म्हणून चाक कशाचं आहे यापेक्षा ते बदलता येतं का, हे मी आधी पाहते. बॅगेच्या आतल्या अस्तराची चेन उघडायची आणि चाकाच्या जागी हात घालायचा. स्क्रू लागले तर उत्तम. रिबिट लागले तर ते ड्रिलने उडवावे लागतात. अस्तर शिवूनच टाकलेलं असेल तर बनवणाऱ्याने ही बॅग उघडली जाईल असं धरलेलंच नाही.

आता कवचाकडे येऊ. दुकानात गेलं की तीन अक्षरनामं कानावर आदळतात : एबीएस, पीसी, पीपी. तिन्ही आपल्या घरात आधीपासून आहेत. एबीएस म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांचं प्लास्टिक. पीसी, म्हणजे पॉलीकार्बोनेट, सीडीत आणि चष्म्याच्या न फुटणाऱ्या काचांत असतं. आणि पीपी, पॉलीप्रॉपिलीन, म्हणजे लग्नाच्या हॉलमधली खुर्ची आणि शाम्पूच्या बाटलीचं टिचकीसरशी उघडणारं झाकण. ते झाकण हजार वेळा दुमडलं तरी बिजागरीपाशी तुटत नाही, हे पीपीचं खरं प्रमाणपत्र.

पॉलीकार्बोनेटचा जन्म १९५३ सालचा. जर्मनीत बायर कंपनीतले हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स, दोघे एकमेकांना ठाऊक नसताना थोड्याच दिवसांच्या अंतराने त्याच पदार्थापाशी पोचले. फॉक्स यांच्या भांड्यात तो ढवळणीला गोळा होऊन बसला आणि काही केल्या फुटेना. काचेसारखं कडक दिसणारं हे प्लास्टिक फटका बसला की तडकत नाही, आधी वाकतं. त्याच्या साखळ्यांचे तुकडे जागच्या जागी थोडे हलू शकतात, आणि फटक्याची ऊर्जा त्या हलण्यात खर्ची पडते. एबीएसची युक्ती वेगळी. ठिसूळ प्लास्टिकमध्ये रबराचे सूक्ष्म कण पेरलेले असतात आणि तडा धावत निघाला की तो त्या कणांपाशी अडतो. युक्ती चांगली आहे, पण मर्यादित. पातळ एबीएसचं कवच जोराच्या फटक्याने कोपऱ्यात उभं चिरलेलं मी सामानाच्या पट्ट्यावर अनेकदा पाहिलंय.

पीपी तिघांत सगळ्यात हलकं. एक घन सेंटिमीटर पीपी सुमारे ०.९ ग्रॅम भरतं, एबीएस १.०५ च्या आसपास, पीसी १.२. पीपीची खोट थंडीची. शुद्ध पीपी शून्याच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं. म्हणून चांगल्या बॅगेच्या पीपीत थोडं एथिलीन मिसळून त्याला थंडीतही लवचीक ठेवतात. पुणे-बंगळूर करणाऱ्याला याने फरक पडत नाही. जानेवारीत मुलाकडे टोरांटोला निघालेल्या आईबाबांनी मात्र विचार करावा.

"पॉलीकार्बोनेट" असं लेबलवर लिहिलंय म्हणजे आरपार पॉलीकार्बोनेट असेलच असंही नाही. कधी एबीएस आणि पीसीचं मिश्रण असतं, कधी एबीएसच्या पत्र्यावर पीसीचा पातळ पापुद्रा. मिश्रण वाईट नसतं, फक्त शुद्ध पीसीचा भाव देऊ नये. दुकानदाराला सरळ विचारावं, "दादा, पूर्ण पीसी की मिक्स?" उत्तराआधी तो किती वेळ घेतो त्यावरून बरंच कळतं.

पण नावापेक्षा जाडी महत्त्वाची, आणि इथे एक गोम आहे. पीसी आणि एबीएसच्या बॅगा बहुधा सपाट पत्रा तापवून, साच्यावर ओढून घडवतात. चपातीचं पीठ वाटीवर ताणून बसवायचा प्रयत्न करा. वाटीच्या तळाशी ते जाड राहील आणि कडांशी विरविरीत होईल. बॅगेच्या कोपऱ्यांचं तेच होतं. पत्रा सगळ्यात जास्त ताणला जातो कोपऱ्यात, म्हणजे सगळ्यात पातळ कोपराच, आणि बॅग आपटते तीही कोपऱ्यावरच. वितळलेलं पीपी दाबाने साच्यात भरून घडवलेल्या बॅगेत जाडी कुठे किती ठेवायची हे साचाच ठरवतो, त्यामुळे कोपरे जाड राखता येतात. म्हणून माझी पहिली परीक्षा अंगठ्याची. बॅगेच्या पोटावर दाबून काही कळत नाही, कोपऱ्यावर दाबायचं. दाब सोडल्यावर कोपरा सहज मूळ रूपात यायला हवा. "टक्" आवाज करत खड्डा पडला आणि पांढुरकी रेघ उमटली, तर बॅग तिथेच ठेवून द्यावी. दुकानदार वैतागतात, त्याला इलाज नाही.

कवचावरच्या उभ्या-आडव्या खाचा अनेकांना निव्वळ फॅशन वाटतात. पत्र्याचा वाकायला होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट, पण वजनही दुप्पट. खाचा हा त्यातला चोरटा रस्ता. तेवढ्याच मालाला घड्या पाडल्या की तो जाड असल्यासारखा वागतो. गोठ्यावरचा पन्हाळी पत्रा याच कारणाने पन्हाळी असतो. जर्मनीच्या युंकर्स विमानांचं अंगही असंच नालीदार होतं, आणि रिमोवा या जर्मन कंपनीने १९५० साली आपल्या ॲल्युमिनियमच्या बॅगांना खाचा दिल्या त्या या विमानांवरूनच. आज हजार-दोन हजारांच्या बॅगेवर दिसणाऱ्या रेघा त्यांच्याच दूरच्या नातेवाईक.

दिसण्याचा विषय निघालाच आहे तर, चकचकीत पीसी बॅग शोरूमच्या दिव्यांत सुंदर दिसते आणि पहिल्याच विमानप्रवासात म्हातारी होते. पॉलीकार्बोनेट फटक्याला चिवट असलं तरी पृष्ठभागाने मऊ आहे. चष्म्याच्या पीसी काचांवर कडक लेप द्यावा लागतो तो यासाठीच. बॅगेला तसा लेप कोण देणार? खरबरीत, दाणेदार पोताची बॅग घेतली की ओरखडे त्या पोतात लपून जातात. आणखी एक. विमानतळाचं स्टिकर निघत नाही म्हणून पीसी किंवा एबीएसच्या बॅगेवर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर फासू नका. ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला अशा द्रावकांनी बारीक तडे जातात. खोबरेल तेल चोळून, थोडा वेळ ठेवून पुसा.

वजनाचा हिशेब कोरडा पण निर्णायक. देशांतर्गत विमानात बहुतेक ठिकाणी सामानाला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो. साडेचार किलोची भक्कम बॅग घेतली की १५ पैकी ३० टक्के तिनेच खाल्ले. रेल्वेत स्लीपरला ४० किलो चालतात, तिथे ही चिंता नाही. तिथली चिंता बर्थखालच्या उंचीची.

सॉफ्ट बॅगेवर लिहिलेल्या डेनियरबद्दल थोडक्यात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. दादरहून सीएसएमटीपर्यंत जवळपास तेवढंच अंतर. १६८० डेनियरचा धागा तिथवर अंथरला तर १ किलो ६८० ग्रॅम भरेल. आकडा जाडीचा आहे, मजबुतीचा नाही. घासण्याला नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा चांगलं तोंड देतं, त्यामुळे दोन बॅगांवर एकच आकडा असला तरी आधी धागा कशाचा ते वाचावं.

बॅगेला चाकं लावायची कल्पना माणसाला इतक्या उशिरा का सुचली, याचं मला दर वेळी नवल वाटतं. अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो यांना ती १९७० साली सुचली आणि १९७२ साली पेटंट मिळालं. चंद्रावर माणूस त्याआधी जाऊन आला होता, अर्थात सामान उचलून! त्यांची बॅग आडवी, चार चाकांची, पट्ट्याने ओढायची. उभी, दोन चाकांची, ओढता दांडा असलेली बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बनवली.

चाक घ्यावं मोठं. समजा फूटपाथवरचा पेव्हर ब्लॉक १ सेंटिमीटर वर आलाय. ५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला निव्वळ आडवं ओढून त्यावर चढवायचं तर चाकावरच्या भाराच्या सुमारे १.३३ पट जोर लागतो. ८ सेंटिमीटरच्या चाकाला ०.८८ पट पुरतो. कागदावर तीन सेंटिमीटरचा फरक, पण एसटी स्टँडपासून घरापर्यंत तो खांद्याला कळतो. चार गरगर फिरणारी चाकं विमानतळाच्या फरशीवर राजेशाही चालतात, कारण हातावर भारच येत नाही. पण बाहेर आलेली ती बारीक चाकं आदळून तुटतात आणि बस वळली की बॅग एकटीच फिरायला निघते. वरचेवर एसटी-रेल्वे करणाऱ्याला दोन चाकांची, चाकं अर्धी अंगात बसवलेली बॅग बरी. तिची एकच खोड. घाईत ओढताना ती डावी-उजवीकडे डुलायला लागते आणि कधी उलटते. पॅरिसमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी छोटी नमुना-बॅग ट्रेडमिलवर चालवून हे डुलणं तपासलं आणि २०१७ साली निष्कर्ष छापले. बॅग डुलू लागली की आपण वेग कमी करतो, ते चूक. वेग थोडा वाढवावा, नाहीतर दांडा आणखी खाली, जमिनीकडे झुकवावा. मी करून पाहिलंय. लोक बघतात, पण बॅग सरळ होते.

चेनचं सांगायचं तर, बिघडतो तो बहुधा रनर, दात नव्हे. रनरचे जबडे झिजून सैल झाले की दात जुळत नाहीत, आणि आपण अख्खी चेन गेली समजतो. रनरच्या पाठीवर बरेचदा आकडा असतो, ५, ८ किंवा १०. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मोठ्या बॅगेला ८ च्या खाली जाऊ नये. आणि कुलपाच्या भरवशावर दागिने ठेवू नयेत, कारण नायलॉनच्या दातांत बॉलपेन खुपसलं की चेन उघडते, आणि रनर मागे-पुढे फिरवला की पुन्हा मिटते, मागमूस राहत नाही.

हे सगळं जिथे घडवलं जातं ती जागा आपल्याला फार लांब नाही. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट, दोघांचेही कारखाने नाशिक जिल्ह्यात आहेत. मुंबई-नाशिक रस्त्याने जाताना बॅग मांडीवर घेऊन आपण तिच्या जन्मगावावरूनच जात असतो.

काकांनी माझ्या बॅगेचे रिबिट उडवले, साध्या रबराची थोडी मोठी चाकं बसवली आणि या वेळी स्क्रू मारले. "पुढच्या वेळी घरीच बदला," म्हणाले. निघताना त्यांच्या स्टुलाखाली हत्यारांची बॅग दिसली. रंग उडालेली, पीपीची, कोपऱ्यांवर ओरखडेच ओरखडे. दांड्याला सायकलच्या ट्यूबची मूठ गुंडाळलेली, तीन चाकं काळी आणि एक निळं.