विंडोज ११ चालत नाही म्हणून संगणक मोडीत का काढायचा?

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याआधीपासूनच ‘तुमचा संगणक विंडोज ११च्या निकषांत बसत नाही’ ही सूचना पडद्यावर यायला लागली होती. गोव्यातल्या अनेक घरांत आज असे संगणक आहेत. कोणी मुलाच्या अकरावीसाठी घेतलेला, कोणाकडे विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सरकारी सायबरएज योजनेतून आलेला, कोणाच्या किराणा दुकानात हिशेबासाठी ठेवलेला. यंत्र कालपर्यंत नीट चालत होते आणि आज ते ‘जुने’ ठरले. दरम्यान यंत्रात काय बिघडले? काहीच नाही.

‘संगणक जुना झाला’ असे म्हणताना आपण तीन वेगळ्या तक्रारी एकाच शब्दात कोंबतो. नवी कार्यप्रणाली त्यावर चढत नाही, ही एक. जुन्या प्रणालीला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, ही दुसरी. संगणक हळू चालतो, ही तिसरी. तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही. गफलत झाली की हजार-दोन हजारांच्या सुट्या भागाने भागणाऱ्या दुखण्यासाठी चाळीस हजारांचा लॅपटॉप घरी येतो.

पहिली तक्रार आधी घेऊ. विंडोज ७ आले २००९ साली, विंडोज १० आले २०१५ साली. दोघांची किमान गरज जवळपास सारखीच होती: एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ बिटसाठी १ जीबी आणि ६४ बिटसाठी २ जीबी रॅम. म्हणून बरीच वर्षे कार्यप्रणाली बदलली तरी यंत्र बदलावे लागत नसे. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ने ही सवय मोडली. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी सोप्या आहेत. अडचण येते ती युईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेले, संगणक सुरू करणारे फर्मवेअर), सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि प्रोसेसरची ठरावीक यादी इथे. यादी साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धापासून. एएमडीत ती रायझन २००० मालिकेपासून सुरू होते, पण त्यातलीही काही मॉडेल वगळलेली आहेत.

पिढी ओळखायला प्रोसेसरचे नाव पुरते. आय-५ ७२००यू यातला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, आय-५ ८२५०यू म्हणजे आठवी, आय-५ १०२१०यू म्हणजे दहावी. आय-३, आय-५ किंवा आय-७ यावरून पिढी कळत नाही. तिसऱ्या पिढीचा आय-७ यादीबाहेर राहतो आणि आठव्या पिढीचा आय-३ आत येतो.

प्रोसेसर यादीत असूनही नकाराची सूचना येत असेल, तर बहुधा टीपीएम नुसता बंद असतो. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप. आठव्या पिढीच्या डेस्कटॉपमध्ये ती वेगळी बसवावी लागत नाही, प्रोसेसर आणि बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच तिची सोय असते. तपासण्यासाठी विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबा आणि उघडलेल्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. ‘सुसंगत टीपीएम सापडला नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर संगणक बंद करून परत सुरू करा आणि लगेच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, म्हणजे बायोस, म्हणजेच यंत्राच्या मूळ सेटिंग्जचा पडदा, उघडेल. इंटेलच्या बोर्डवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाची नोंद शोधून ती चालू करा. त्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. असल्यास तो तात्पुरता थांबवा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हे न करता बायोसमध्ये हात घातला, तर पुढच्या वेळी संगणक ती की मागेल, आणि की नसली तर स्वतःच्याच फायली स्वतःला उघडता येणार नाहीत.

दुसरा अडथळा डिस्कच्या मांडणीचा. विंडोज जुन्या बायोस पद्धतीने टाकलेले असले की डिस्कची मांडणी एमबीआर असते, युईएफआयला मात्र जीपीटी लागते. विंडोज १०मध्येच यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचे साधन आहे आणि ते डेटा न पुसता मांडणी बदलते. इथे क्रम पाळावा लागतो. आधी बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची प्रत काढा, मग त्या साधनाची ‘व्हॅलिडेट’ चाचणी चालवा, मग रूपांतर करा आणि अगदी शेवटी बायोसमध्ये जाऊन युईएफआय निवडा. उलट क्रमाने केले तर संगणक ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून थांबतो. घाबरू नका, बायोसमधली निवड पूर्ववत केली की तो परत सुरू होतो. चाचणीच नापास होत असेल तर डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असण्याची शक्यता मोठी. नवे ईएफआय पार्टिशन बनवायला जागा लागते, म्हणून तीनपेक्षा जास्त असून चालत नाहीत. अशी गर्दी बहुतेक वेळा कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनमुळे होते.

यादीची रेघ आठव्या पिढीवरच ओढण्यामागे काही तांत्रिक कारण आहे का? काही प्रमाणात आहे. विंडोज ११ कार्यप्रणालीचा गाभा एका आभासी भिंतीआड ठेवते, म्हणजे एखादा ड्रायव्हर बिघडला किंवा त्यात विषाणू शिरला तरी गाभ्यात फेरफार करता येत नाही. प्रत्येक वेळी कोणता कोड चालवायचा आणि कोणता नाही हे तपासणारी सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच आली. त्याआधीच्या प्रोसेसरवर हेच काम सॉफ्टवेअरला करावे लागते आणि वेग घटतो. सुरक्षेचा हा हेतू प्रामाणिक आहे असे आम्हाला वाटते. पण सातव्या पिढीत ती सोय असूनही त्यातले मोजकेच प्रोसेसर यादीत घेतले गेले, हे ग्राहकाच्या बाजूने पाहता पटत नाही.

अटी वगळून विंडोज ११ टाकण्याचे मार्गही आहेत. रुफस या मोफत साधनाने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची अट काढता येते. मात्र अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही, आणि वर्षाचा मोठा अपडेट पुन्हा हाताने चढवावा लागू शकतो. शिवाय २४एच२ ही आवृत्ती प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा आज्ञासंच नसेल तर सुरूच होत नाही. कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचा मार्ग तिथे खऱ्या अर्थाने संपतो. घरच्या दुसऱ्या संगणकावर हा प्रयोग करायला हरकत नाही. दुकानाचा हिशेब ठेवलेल्या यंत्रावर करू नका.

आता दुसरी तक्रार, आणि ती गंभीर आहे. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही, नवी सापडलेली भोके बुजवणे बंद होते. २०१७ सालच्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूच्या हल्ल्यात याचा अर्थ जगाला कळला. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली होती, हल्ला झाला १२ मे रोजी. बळी पडलेल्यांत बहुसंख्य संगणक विंडोज ७चे होते. त्यांना अपडेट उपलब्ध होता, पण तो चढवलेला नव्हता. आधार संपलेल्या प्रणालीला तर असा अपडेट येतच नाही.

विंडोज १०साठी सध्या एक पूल आहे. २२एच२ आवृत्ती असलेल्या घरगुती संगणकाला वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येते आणि ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. विंडोजमधल्या डिफेंडर या विषाणूरोधकाची विषाणू-यादी २०२८च्या ऑक्टोबरपर्यंत येत राहणार आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. ती यादी ओळखीचा चोर पकडते, मोडलेली कडी दुरुस्त करत नाही.

ब्राउझरची मुदत वेगळी मोजावी लागते. विंडोज ७ आणि ८.१साठी क्रोमची १०९ ही आवृत्ती शेवटची ठरली. २०२३च्या फेब्रुवारीत पुढची आवृत्ती आली ती फक्त विंडोज १० आणि त्यापुढच्यांसाठी. बँकेची संकेतस्थळे आणि सरकारी पोर्टल जुना ब्राउझर नाकारू लागली की संगणक खरोखर निरुपयोगी वाटू लागतो.

इथे एक फसवी खूण सांगायलाच हवी. पावसाळ्यात दोन-तीन महिने बंद ठेवलेला डेस्कटॉप चवथीच्या सुमारास सुरू करावा तर एकही संकेतस्थळ उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’. घरच्यांना वाटते, आता हा इंटरनेटलाही जुना झाला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. तिथे दहा-बारा वर्षांपूर्वीचा जानेवारी दिसत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही तीन व्होल्टची बटणाएवढी बॅटरी संपली आहे. प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. संगणकाच्या घड्याळाप्रमाणे ती तारीख अजून उजाडलेलीच नाही, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. नवी बॅटरी पन्नास रुपयांच्या आसपास मिळते. प्लग काढा, जुनी बॅटरी कडेच्या खिटीने सोडवा, नवी बसवताना अधिकची खूण वर ठेवा आणि तारीख लावा.

आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेचा दुसरा मार रॅमवर बसतो. संगणक सुरू केल्यावर पडदा काळाच राहतो आणि आतून ठरावीक बीप येतात, ते बहुधा रॅमच्या पायांवर चढलेल्या पातळ थरामुळे. वीज काढून, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसा आणि दोन्ही खटके ‘टक’ वाजेपर्यंत दाबून पट्टी बसवा. डिचोली-सांगे पट्ट्यातल्या घरांत याच्या जोडीला पंख्यात बसलेली लाल धूळ असते. ती ब्रशने काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. पावसाळ्यात रोज अर्धा तास संगणक चालू ठेवला तरी आतल्या उबेने ओल धरत नाही.

आता वेगाची तक्रार. प्रोसेसर वयाने मंद होत नाही. अडकते ती फिरणारी हार्डडिस्क. लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात डोके सरकायचा वेळ मिळवला की एका वाचनाला सुमारे १५ मिलिसेकंद जातात. सेकंदाला साठ-सत्तर वाचने झाली की तिची शर्थ झाली. विंडोज सुरू होताना हजारो छोटे तुकडे डिस्कवर विखुरलेल्या जागांतून उचलते आणि नव्या आवृत्त्या पार्श्वभूमीला आणखी कामे लावतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात दहा-पंधरा टक्के दिसले, तर दोष डिस्कचा. एसएसडी म्हणजे चिपवर साठवण करणारी डिस्क. तिला फिरणारे काहीच नसते, ती सेकंदाला हजारो वाचने करते. २५६ जीबीची अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) एसएसडी घरच्या वापराला पुरते. सात-आठ वर्षांच्या यंत्रावर खर्च करायचा तर पहिला तिच्यावर करा, रॅमचा क्रम त्यानंतर.

एसएसडी बदलताना दोन ठिकाणी लोक अडकतात. जुनी ५०० जीबीची डिस्क २५६ जीबीवर जशीच्या तशी उतरत नाही, आधी फोटो आणि व्हिडिओ बाहेर काढून पार्टिशन लहान करावे लागते. दुसरे, जुन्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये साटाची पद्धत आयडीई असते. ती एएचसीआय केली तर एसएसडी पूर्ण क्षमतेने चालते, पण आधीच टाकलेले विंडोज निळा पडदा दाखवते. त्यासाठी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू व्हावे अशी निवड आधी करून ठेवा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि निवड काढून टाका.

रॅम ४ जीबीवरून ८ केली की ब्राउझरमध्ये दहा पाने उघडली तरी यंत्र गुदमरत नाही. घेताना पट्टीवरचे अक्षर वाचा. चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर-३ लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल लागते. १.५ व्होल्टची साधी पट्टी खाचेत नीट बसते, पण संगणक सुरू होत नाही.

एवढे करूनही यूट्यूब अडखळत असेल तर कारण निराळे. यूट्यूब व्हीपी-९ आणि एव्ही-१ या नव्या पद्धतींनी आवळलेला व्हिडिओ पाठवते. व्हीपी-९ उलगडणारे पक्के सर्किट इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आहे, एव्ही-१चे अकराव्यापासून. त्याआधीच्या यंत्रात हे सगळे ओझे प्रोसेसरवर पडते. एच-२६४ हीच जुनी पद्धत मागणारे एक्स्टेंशन ब्राउझरला जोडले आणि ७२० वर पाहिले, की तोच संगणक शांतपणे व्हिडिओ दाखवतो.

आठव्या पिढीआधीच्या यंत्रासाठी लांबचा मार्ग लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा. तिच्या लिनक्स मिंट २२ या प्रकाराला २०२९पर्यंत अपडेट आहेत. त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ असली तर आरामात. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवा आणि काहीही न टाकता आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा: वाय-फाय, आवाज, छपाई. जुन्या लॅपटॉपमधले ब्रॉडकॉमचे वाय-फाय लगेच दिसत नाही. मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. कॅननचा एलबीपी २९०० ज्यांच्याकडे आहे त्यांनी मात्र निर्णयाआधी छपाई करून बघाच. तो पान रंगवायचे बरेचसे काम संगणकावर सोपवतो आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीने मागेच सोडून दिला आहे.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक मिंटमध्ये येतोच, कोकणीही त्यावरच लिहिता येते. अडचण जुन्या फायलींची असते. देवस्थान समितीच्या नोटिसा, जत्रेतल्या नाटकाच्या संहिता यांसारखे बरेच मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. विंडोज पुसण्यापूर्वी फॉन्टची टीटीएफ फाइल उचलून ठेवा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. टॅलीवर व्यवसाय चालणाऱ्यांनी विंडोजवरच राहावे.

नवा संगणक कोणी घ्यावा? ज्याचा प्रोसेसर कोअर २ ड्युओ किंवा त्याआधीचा आहे, ज्याच्या बोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगले आहेत, किंवा ज्याला विंडोजच हवे आणि यंत्र सहाव्या पिढीच्या मागचे आहे, त्याने. जुने यंत्र देताना डिस्क पूर्ण पुसून द्या, नुसते फॉरमॅट केले तर फायली परत काढता येतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, म्हणून ते अधिकृत संकलकाकडेच द्या. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर ती टोचू नका, चार्ज करू नका. वेगळी काढून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि देताना बॅटरी फुगली आहे हे स्पष्ट सांगा.