इंटरप्ट बंद केले, तरी दुसरा प्रोसेसर चालूच असतो

मांडवीच्या पाण्याची उंची सतत नोंदवणारा एखादा सेन्सर पणजीच्या जेटीला बसवला आणि त्याची तार एका छोट्या संगणकाला जोडली, तर सेन्सर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला व्यवहार जो प्रोग्रॅम सांभाळतो, त्याला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. नवे मोजमाप तयार झाले की प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा, पोहोचतो. प्रोसेसर हातातले काम सोडून ड्रायव्हरमधला हँडलर नावाचा छोटा भाग चालवतो, हँडलर तो आकडा बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) टाकून न उचललेल्या आकड्यांची ‘शिल्लक’ एकाने वाढवतो, आणि फाईल लिहिणारा प्रोग्रॅम सवडीने आकडा उचलून शिल्लक एकाने कमी करतो.

प्रोसेसर एकच असेल, तर शिल्लक बदलताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवले की काम भागते, कारण मध्ये येऊ शकणारा दुसरा कोणी नसतोच. मात्र इंटरप्ट बंद करण्याची ही सूचना ती देणाऱ्या प्रोसेसरपुरतीच लागू होते आणि आज स्वस्त बोर्डावरही अनेकदा चार कोअर, म्हणजे एकाच वेळी चालणारे चार प्रोसेसर, असतात.

समजा शिल्लक 7 आहे. पहिल्या कोअरवर वाचणारा प्रोग्रॅम 7 वाचतो आणि त्यातून एक वजा करतो. तो 6 लिहिण्याआधीच दुसऱ्या कोअरवर हँडलर तोच 7 वाचून 8 लिहितो. मग पहिला कोअर त्यावर 6 लिहितो. बफरमध्ये आता मोजमापे 7, पण शिल्लक 6. पुढे वाचणारा शिल्लक शून्य होईपर्यंत आकडे उचलतो, तरी एक आकडा मागे राहतोच, आणि तिथून पुढची प्रत्येक नोंद एक घर उशिराने फाईलमध्ये उतरते. आकडे सगळे खरे, वेळ तेवढी चुकीची! असा योग क्वचितच जुळून येत असल्यामुळे चाचणीत तो सहसा सापडत नाही, आणि दोष मात्र समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या जोडणीच्या माथी मारला जातो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने 1996 मध्ये 2.0 या आवृत्तीत अनेक प्रोसेसरांना आधार दिला, तेव्हा साऱ्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, मिळून एकच मोठे कुलूप (लॉक) होते आणि ते एका वेळी एकाच प्रोसेसरला आत सोडत असे. ते टप्प्याटप्प्याने मोडीत काढत शेवटी 2011 मध्ये पूर्णपणे हटवण्यात आले, आणि आपापला डेटा जपण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरवर आली.

त्यासाठीचे नेहमीचे साधन म्हणजे स्पिनलॉक. तो दुसऱ्याकडे असेल, तर प्रोसेसर दाराशी उभे राहून ‘झाले का, झाले का’ असे विचारत राहावे तसा जागच्या जागी फिरत राहतो. वाचणाऱ्याने इंटरप्ट चालू ठेवून स्पिनलॉक घेतला आणि त्याच कोअरवर हँडलर येऊन तोच लॉक मागू लागला, तर लॉक धरणारा पुढे सरकत नाही आणि मागणारा थांबत नाही. तो कोअर कायमचा अडकतो. म्हणून हँडलरशी वाटून घेतलेल्या डेटासाठी स्थानिक (त्याच कोअरवरचे) इंटरप्ट बंद करणे आणि लॉक घेणे या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. हा लॉक हाती असताना झोपी जाणारे, म्हणजे वाट पाहायला लावणारे, कोणतेही काम चालत नाही. तशा कामासाठी म्युटेक्स, म्हणजे वाट पाहणाऱ्याला झोपवून ठेवणारा लॉक, वापरतात, पण तो हँडलरमध्ये घेता येत नाही.

लॉक टाळण्याचा मोह झाला, तर गाठ लेखनक्रमाशी पडते. ‘आधी आकडा, मग तो तयार असल्याची खूण’ असा क्रम आपण लिहिला, तरी छोट्या बोर्डांवर सहसा असणाऱ्या एआरएम प्रोसेसरवर दुसऱ्या कोअरला खूण आधी दिसू शकते. टेबलावरच्या संगणकांत सहसा असणारा एक्स८६ प्रोसेसर दोन लेखनांचा क्रम सहसा पाळतो, त्यामुळे तिथे निर्दोष ठरलेला ड्रायव्हर जेटीवरच्या बोर्डात गडबडतो. इथे मेमरी बॅरियर, म्हणजे लेखनांचा क्रम पाळायला लावणारी सूचना, घालावा लागतो. लॉकमध्ये ही व्यवस्था आधीच असते, म्हणून वेगाची खरोखरच निकड नसेल तर माझ्या मते लॉकच बरा.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती ड्रायव्हर काढून टाकण्याची वेळ. एका कोअरने बफरची मेमरी परत केली आणि दुसऱ्यावर हँडलर अजून त्यातच लिहीत असला, तर कर्नल कोसळू शकतो. म्हणून आधी उपकरणाला इंटरप्ट पाठवणे थांबवायला सांगायचे, मग इंटरप्टची नोंदणी रद्द करायची (लिनक्समध्ये ही क्रिया चालू हँडलर संपेपर्यंत थांबते), आणि त्यानंतरच मेमरी सोडायची.