पासवर्ड बरोबर, घड्याळ चूक

‘माझा पासवर्ड घेत नाहीये.’ दहा-बारा वर्षं जुनी मशीन असलेल्या ऑफिसात सोमवारी सकाळी हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग कॅप्स लॉक बघितला जातो, पासवर्ड रीसेट होतो, मशीन दोनदा बंद-चालू केलं जातं, आणि गाडं तिथेच अडलेलं राहतं. अशा वेळी एक सोपी परीक्षा घ्यावी. मशीनच्या मागची लॅनची केबल काढायची आणि पुन्हा लॉगिन करून बघायचं. त्या मशीनवर आधी लॉगिन केलेल्या शेवटच्या दहा जणांच्या पडताळणीची माहिती विंडोज सहसा मशीनवरच जपून ठेवतं. (पासवर्ड नुकताच बदलला असेल तर इथे जुनाच टाकायचा.) केबल काढल्यावर मशीन निमूटपणे आत घेत असेल, तर पासवर्डवर खापर फोडण्यात अर्थ नाही. बिघाड मशीन आणि सर्व्हर (ऑफिसातल्या सगळ्यांची ओळख पटवणारा मुख्य संगणक) यांच्या बोलण्यात आहे.

आणि नेटवर्क जुनं असेल तर मी सगळ्यात आधी घड्याळ बघतो.

पासवर्डचा आणि घड्याळाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. तो समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९७८ मध्ये नीडहॅम आणि श्रोडर या दोघांनी नेटवर्कवर ओळख पटवण्याची एक पद्धत मांडली. १९८१ मध्ये डेनिंग आणि सॅको यांनी तिच्यातली फट दाखवली. जुनी किल्ली चोरीला गेली तर चोर जुनेच संदेश पुन्हा पाठवून आत शिरू शकतो; म्हणून संदेशात वेळ घाला, असं त्यांनी सुचवलं. एमआयटीत १९८३ साली अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांनी भरलेल्या कॅम्पसवरची मशीन जोडायची होती, आणि तारेवरून जाणारं काहीही कुणीतरी चोरून वाचत असेल असं धरूनच चालायचं होतं. त्यातून कर्बेरॉस ही पद्धत जन्माला आली. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने तीच उचलली, आणि आज बहुतेक ऑफिसांत डोमेनवर, म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यातल्या मशीनच्या जाळ्यावर, लॉगिन होतं ते तिच्याच जोरावर.

तिची गंमत अशी, की तुमचा पासवर्ड सर्व्हरकडे कधी जातच नाही. तुम्ही तो टाइप केला की मशीन त्यापासून एक किल्ली बनवतं, त्या क्षणाची वेळ त्या किल्लीने कुलूपबंद करतं आणि सर्व्हरकडे पाठवतं. सर्व्हरकडे तुमची तीच किल्ली असते. तो कुलूप उघडतो आणि आतली वेळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. पाच मिनिटांच्या आतला फरक असेल तर तुम्ही खरे. जास्त असेल तर संदेश परत. कारण मागे पडलेलं घड्याळ आणि मघाशी पकडलेला संदेश पुन्हा पाठवणारा चोर, हे दोघे सर्व्हरला सारखेच दिसतात. कालचं तिकीट दाखवणाऱ्याला एसटीचा कंडक्टर जसा उतरवतो, तसंच हे.

विंडोज कधी कधी सर्व्हरच्या उत्तरातली वेळ वाचून पुन्हा प्रयत्न करतं. त्यामुळे लक्षणं फसवी होतात: लॉगिन होतं पण सामायिक फोल्डर उघडत नाही, किंवा एकाला आत घेतं आणि शेजारच्याला नाही. अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग उघडावा. फसलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवणं चालू असेल, तर तिथे ४७७१ क्रमांकाच्या ओळी दिसतील. त्यातल्या कारणाच्या कोडचा शेवट १८ असेल तर पासवर्ड खरोखरच चुकलाय. २५ असेल तर घड्याळ.

आता घड्याळ चुकतं कसं? मदरबोर्डवर क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद हाती येतो. असा स्फटिक दहा लाखांत वीस भाग इतका चुकू शकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. त्या हिशोबाने पाच मिनिटं चुकायला साधारण सहा महिने लागतात. इथेच जुन्या नेटवर्कचा घात होतो. एरवी प्रत्येक मशीन सर्व्हरकडून वेळ जुळवून घेत असतं. पण वेळ जुळवणारी सेवा बंद पडली, किंवा नेटवर्कवरची ये-जा तपासणाऱ्या एखाद्या फायरवॉलने तिचं १२३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, अडवलं, तर त्या दिवशी काहीच होत नाही. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं आणि एका सकाळी मशीन अडून बसतं. ‘काल तर चालत होतं, कुणी काही केलं नाही’ हे म्हणणं मग अक्षरशः खरं असतं.

दुसरं कारण आपल्याकडचं. मशीन बंद असतानाही प्लगमध्ये वीज असेल, तर त्या विजेवर हे घड्याळ चालतं. वीजच नसेल तेव्हा भार येतो मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या बटणसेलवर: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. आपल्या ऑफिसांत निघताना मेन स्विच खाली करायची पद्धत आहे, आणि आगीच्या भीतीने ती चुकीचीही म्हणता येत नाही. पण त्यामुळे हा सेल रोज रात्री आणि सुट्टीचे पूर्ण दिवस खर्ची पडतो. तो मेला की मशीन थेट आपल्या जन्मवर्षाच्या आसपास जाऊन उठतं. २०१२ मध्ये पोचलेल्या मशीनवर ब्राउझरही रुसतो, कारण त्याच्या लेखी वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. ‘नेट पण चालत नाही’ ही तक्रार जोडीला आली, की सेल बदलायला घ्यावा.

सगळ्यात चकवणारा प्रकार टाइम झोनचा. कर्बेरॉस जागतिक वेळेत हिशोब करतं. समजा कुणी विंडोज नव्याने टाकताना झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहू दिला आणि काटे हाताने फिरवून १०:४२ केले. भिंतीवर १०:४२, मोबाइलवर १०:४२, स्क्रीनवरही १०:४२. पण हिवाळ्यात हे मशीन जागतिक वेळ १८:४२ धरतं, आणि खरी असते ०५:१२. साडेतेरा तासांची चूक, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

उलट, अख्खं ऑफिस वीस मिनिटं मागे असेल तरी लॉगिन बिनतक्रार होतं. कर्बेरॉसला खरी वेळ नको असते, एकमत हवं असतं. अडतं ते बाहेर: दुहेरी पडताळणीसाठी लागणारा, दर तीस सेकंदांनी बदलणारा ॲपमधला कोड चुकायला लागतो. म्हणून मुख्य सर्व्हर तरी खऱ्या वेळेशी बांधलेला हवा. भारतीय प्रमाणवेळ सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या आणि सरकारी संस्थांना या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलं आहे.

घड्याळ नीट असेल तर पुढचा संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर. इंटरनेट ‘फास्ट’ करून देणाऱ्या कुणीतरी तिथे ८.८.८.८ घातलेलं असतं. गूगलच्या त्या सर्व्हरला तुमच्या ऑफिसातला डोमेन सर्व्हर कुठून माहीत असणार?

राहता राहिला ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’ (मशीन आणि डोमेन यांच्यातला विश्वास तुटला) हा संदेश. माणसांसारखाच मशीनचाही डोमेनवर एक पासवर्ड असतो आणि मशीन तो साधारण दर ३० दिवसांनी स्वतःच बदलतं. मशीन चार महिने कपाटात होतं म्हणून तो संपला, हा समज सर्रास आढळतो. पण बदल मशीनच्याच बाजूने होत असल्यामुळे नुसतं बंद राहून काही बिघडत नाही. बिघडतं ते वर्षभरापूर्वीच्या बॅकअपवरून मशीन जसंच्या तसं परत उभं केलं की. मशीनला तेव्हाचा पासवर्ड आठवतो आणि सर्व्हर केव्हाच पुढे गेलेला असतो. उपाय दहा मिनिटांचा आहे: मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडायचं. फक्त त्यासाठी त्या मशीनचा लोकल ॲडमिन (त्या मशीनपुरते सगळे अधिकार असलेलं खातं) पासवर्ड लागतो, आणि तो बहुधा नोकरी सोडून गेलेल्या माणसालाच ठाऊक असतो.