शाखा बदलली म्हणून विमा वाढत नाही

मंदीची चर्चा सुरू झाली की एक मेसेज फिरतो: ‘एफडी वेगवेगळ्या शाखांत ठेवा, प्रत्येक शाखेत ५ लाखांचा विमा मिळतो.’ तसं नाही. बँक बुडाली तर ठेवीची भरपाई देणारा हा विमा शाखेगणिक नव्हे, बँकेगणिक असतो. पंचवटी शाखेत ४ लाख आणि त्याच बँकेच्या नाशिकरोड शाखेत ३ लाख असतील, तर बेरीज ७ लाख. विमा ५ लाखांपुरताच, तोही व्याज धरून. नवरा-बायकोचं संयुक्त खातं मात्र वेगळं मोजतात.

अमेरिकेत महामंदीत बँका बुडाल्यावर १९३३ साली ठेव विम्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९६२ पासून विमा आहे, तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये! हप्ता बँकच भरते.

पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. खरं तर आधी हेच तपासावं. विमा असलेल्या बँकांची यादी ऑनलाइन मिळते, शाखेतही विचारता येतं.